कच्च्या ग्राहकांची यादी

“पुन्हा सांग. अगदी पहिल्यापासून,” चाळणी म्हणाली आणि मावशीच्या पुढ्यातला लिफाफा तिने दोन बोटांत उचलला, मेलेलं झुरळ उचलावं तसा.

चाळणी हे तिचं बँकेतलं टोपणनाव. ग्राहक सुरक्षा विभागात तिला अकरा वर्षं झाली होती आणि तिच्या नजरेतून खोटं काही सुटत नाही, अशी तिची ख्याती होती. दर महिन्याला ती स्वतःच एक खोटा मेसेज लिहायची. ‘तुमचं खातं आज संध्याकाळी बंद होत आहे, येथे दाबा’ अशा थाटाचा. बँक तो हजारो ग्राहकांना पाठवायची. जो दाबेल त्याच्या फोनवर लाल पडदा यायचा: हा सराव होता, खरा चोर असता तर?

ही रंगीत तालीम तिच्याच डोक्यातून निघालेली. फसलेल्या कच्च्या ग्राहकांची यादी ती साहेबांना द्यायची, म्हणजे बँक त्यांना फोन करून शहाणं करणार. साहेब यादीवर बेहद्द खूश. फक्त वय आणि ठेवीची रक्कम असे दोन रकाने वाढवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तिने वाढवले.

दोन महिन्यांपूर्वी त्या यादीत सख्ख्या मावशीचंच नाव आलं, तेव्हा चाळणीने घरी येऊन तिची चांगली खरडपट्टी काढली होती. मावशीने कानाला खडा लावला होता. आणि आज हे.

“फोन आला,” मावशी सांगू लागली. “माझं नाव, ठेव, सगळं त्याला ठाऊक. तो लाल पडदासुद्धा! म्हणाला, एकदा थोडक्यात वाचलात, आता तुमची ठेव सुरक्षित जागी हलवू.”

“आणि तू हलवलीस.”

“लगेच नाही हं! तू पढवलंस ते सगळं केलं. ओटीपी दिला नाही. म्हटलं, ठेवा फोन, मीच बँकेच्या नंबरवर उलट फोन करते. केला. तर तिथे तोच.”

“मधल्यामध्ये फोन वळवतात, मावशी. हल्ली तेही जमतं त्यांना.”

“मग घरी आला. ओळखपत्र पाहिलं मी. चष्मा लावून.”

“छापतात.”

“इतका गुणी माणूस गं. पाणी प्यायला तर ग्लास स्वतः विसळून पालथा घातला. गुडघ्याची चौकशी केली. सह्या घेऊन जाताना म्हणाला, मावशी, हा लिफाफा कपाटात ठेवा आणि सव्वा महिना उघडू नका. सुरक्षेसाठी.”

चाळणीला शिसारी आली. लुटायचं तर लुटावं मेल्यांनी, पण म्हातारीला मावशी म्हणून, तिच्याच घरचं पाणी पिऊन? त्या विसळलेल्या ग्लासाचीच तिला सगळ्यात जास्त किळस वाटली.

मावशीचा गुडघा कामातून गेला होता. बाथरूमपर्यंत जायचं तरी ती भिंत धरून जायची. आठ तारखेला ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याचे सगळे पैसे त्या एका ठेवीत होते. म्हणून तर तिने काल लिफाफा उघडला. आत बँकेच्या नावाचा विमा करार निघाला. पैशाला दहा वर्षं हात लावता येणार नाही. नको असेल तर तीस दिवसांत परत करा, हे शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत. कालचा दिवस पस्तिसावा. मावशीचं वय एकाहत्तर.

चाळणीने कागद खिडकीच्या उजेडात धरला. शिक्का, सही, कागदाची जाडी, कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती. अकरा वर्षांत इतकी सफाईदार बनवाबनवी तिने पाहिली नव्हती.

“ऑपरेशन होईल ना गं माझं?”

“होईल. त्या हरामखोराला फरफटत आणते बघ.”

बसमध्ये ती लिफाफा मांडीवर धरून बसली आणि एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. लाल पडद्याचं बाहेरच्या माणसाला कळलंच कसं? म्हणजे यादी फुटत होती. रोज जेवणाच्या सुट्टीत आपल्याशेजारी बसून डबा खाणारं कुणीतरी ती विकत होतं. बँकेत पोचल्यावर ती आपल्या जागेवर गेलीच नाही, तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

“साहेब, आपली यादी चोरीला जातेय.”

तिने एका दमात सगळं सांगितलं. फोन, ओळखपत्र, लिफाफा. साहेबांनी करार काढला, शेवटचं पान पाहिलं.

“आणखी कुणाशी बोललात?”

“नाही. आधी तुमच्याकडे आले. इथून थेट पोलिसांत.”

“बरं केलंत.” त्यांनी उठून दार लावून घेतलं. चाळणीला हायसं वाटलं. निदान एक माणूस तरी हे मनावर घेत होता.

“पैसे मिळतील ना, साहेब? आठ तारीख जवळ आलीय.”

“कसे मिळतील? मुदत टळली ना.”

“खोट्या कागदाला कसली मुदत?”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. हिशेब न समजणाऱ्या मुलाकडे पाहावं, तसं.

“खोटा कोण म्हणतं? चौथ्या मजल्यावरचा माणूस आहे तो. आपल्याच विमा विभागातला. या तिमाहीत त्याच्याइतकी विक्री कुणाची नाही, आणि ती सगळी तुमच्या यादीवर.” त्यांनी करार नीट घडी करून लिफाफ्यात घातला आणि लिफाफा तिच्या हातात दिला. “आणि हो, पुढच्या महिन्याचा मेसेज जरा आणखी खरा वाटू द्या. या वेळी यादी फार तोकडी आली.”