कांद्याच्या वाफ्यातले झेंडे

“माझ्यापुढे कोणी पाऊल टाकायचं नाही,” असं बजावून हवालदार कांद्याच्या वाफ्यात पोटावर आडवे झाले.

वय चौसष्ट. युद्धात सुरुंग शोधायच्या तुकडीत होते, तिथून परत आले ते थेट शेतात. त्यालाही अडतीस वर्षं झाली. आज हातात मोडक्या छत्रीची काडी होती. सकाळी रोपं लावताना लेकीच्या बोटातली अंगठी ओल्या मातीत गेली होती, आणि ती अंगठी देणाऱ्या बाई, म्हणजे होणाऱ्या जावयाची आई, चार वाजता पहिल्यांदाच घरी यायच्या होत्या.

“सगळा वाफा उकरून टाकू,” बायको म्हणाली. “खड्ड्यात गेले कांदे.”

“उकरलं की वस्तू आणखी खाली जाते. त्याला पद्धत असते.”

पद्धत अशी, की काडी तिरकी धरायची, हळूच खुपसायची, दोन बोटं पुढे सरकायचं, परत खुपसायची. दोऱ्या बांधून त्यांनी वाफ्याचे तीन पट्टे पाडले होते. एक स्वतःला, एक लेकीला, एक बायकोला. बायकोचे गुडघे वाकत नाहीत म्हणून तिला पालथ्या बादलीवर बसायची सवलत होती. काडी कशाला तरी टेकून टिक वाजली, की तिथे लाल चिंधीचा झेंडा रोवायचा आणि पुढे जायचं. चिंध्या आपल्या परकराच्या आहेत हे बायकोने बघताक्षणी ओळखलं होतं, पण आज भांडायला वेळ नव्हता. दोन तासांत सतरा झेंडे लागले.

एवढ्या घोरात हवालदार मात्र खुशीत होते. “आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सापडावं म्हणून शोधतोय,” ते म्हणाले.

“तुमची मजा होतेय, बाबा. त्यांच्या सासूबाईंची अंगठी होती ती. महिन्याभरात घालवली मी. त्या म्हणतील, हिच्या हाती मुलगा कसा सोपवायचा?”

“मुलगा अंगठीपेक्षा मोठा आहे,” आई बादलीवरून म्हणाली. “हरवला तर दिसेल तरी.”

तेवढ्यात फाटक वाजलं. बाईंची बेकरी होती. दुपारची भट्टी लवकर उरकून त्यांनी आधीची बस पकडली होती. हातात पावाची पिशवी घेऊन त्या वाफ्याच्या कडेपर्यंत आल्या.

“तिथेच थांबा,” हवालदार गरजले. “दोरीच्या आत पाय नको.”

बाई उचललेला पाय तसाच अधांतरी ठेवून थांबल्या. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. कपाळालाही चिखल लागला.

“काय शोधताय?” बाईंनी विचारलं.

“बटाटे,” हवालदार म्हणाले.

बाईंनी कांद्याच्या रोपांकडे पाहिलं.

लेक उठून उभी राहिली. गुडघ्यापासून हनुवटीपर्यंत माती. “तुम्ही दिलेली अंगठी,” ती म्हणाली. “सकाळी पडली. कामाला लागताना काढून ठेवायला हवी होती. नाही ठेवली.”

बाईंनी पाय खाली टेकला, दोरीच्या बाहेर.

“माझ्याकडून दोनदा हरवलीय ती,” त्या म्हणाल्या. “एकदा तर पिठातच मळली गेली. नवऱ्याचा दात पडला तेव्हा सापडली.” मग त्यांचं लक्ष वाफ्यात गेलं. “आणि हे झेंडे कसले?”

“टिक वाजली तिथे झेंडा.”

“मग तिथे हात घालून पाहिलं का?”

हवालदारांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने लेकीकडे. दोन तास तिघंही झेंडे रोवत शिस्तीत पुढे सरकत होती. मागे वळून कोणी पाहिलंच नव्हतं.

“आमचं काम खूण करायचं,” हवालदार म्हणाले. “काढायला मागून दुसरे यायचे.” थोडं थांबून म्हणाले, “हात त्यांचे जायचे.”



“अडतीस वर्षं झाली,” बायको म्हणाली. “ते दुसरे अजून यायचेत.”

“आले की,” बाई म्हणाल्या. पावाची पिशवी त्यांनी बायकोच्या मांडीवर ठेवली, बाह्या सारल्या, दोरी ओलांडली आणि पहिल्या झेंड्यापाशी बसून मातीत हात घातला.

हवालदारांनी डोळे घट्ट मिटले.

“खडा,” बाई म्हणाल्या. मग पुढच्या झेंड्याशी, “हा पण खडा.” मग, “खिळा. चांगला आहे, सरळ करून वापरा.” सहाव्या झेंड्याला एक चमचा निघाला. तो चोरल्याचा आळ आपण शेजारणीवर घेतला होता, हे बायकोला आठवलं आणि तिला हसू आवरेना. लेकही हसायला लागली. पिशवीतला पाव एव्हाना अर्धा संपला होता. हवालदार तेवढे हसत नव्हते. बाईंचा हात मातीत गेला की त्यांचे डोळे मिटत, काय निघालं ते ऐकलं की उघडत.

अकराव्या झेंड्यापाशी बाईंचा हात मातीत जरा जास्त वेळ राहिला. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मग हवालदारांकडे. हात रिकामाच बाहेर काढला, माती पुन्हा सारखी केली, कललेला झेंडा सरळ केला.

“व्याही,” त्या म्हणाल्या, “हा तुम्ही काढा.”

लेकीचं हसू थांबलं आणि तिने आईचा दंड पकडला. हवालदार पोटावर सरकत झेंड्यापाशी आले. काडी बाजूला ठेवली. उजव्या हाताची पाचही बोटं पसरली आणि डोळे उघडे ठेवून, मनगटापर्यंत हात मातीत घातला.