राणीची पाठ

रीनाच्या नागपूरच्या ऑफिसात जुन्या काळच्या वेशातली पार्टी होती, म्हणून तिनं पवनीच्या सुखराम टेलरकडे राणीचा गाऊन शिवायला टाकला. झाडीपट्टीतल्या नाटकांच्या राण्या तीस वर्षं त्यानंच सजवल्या होत्या. घालून पाहिला, तर समोरून जरीनं झळाळत होता. पाठ मात्र कोरी. "काका, मागं काईच नाई काहून?" "स्टेजवर राणी पाठ दाखवत नाई, बाई." रीना हसत घेर धरून गरकन फिरली. "मी तं नाचीन! लोकं चारी बाजूनं पायतीन." सुखराम कोऱ्या पाठीकडे पाहू लागला. कोपऱ्यात हूक टाचत बसलेली त्याची बायको गोदावरी उठली. पडद्यामागे राण्यांचे हूक तीच लावायची. "तुमी राण्या समोरून पायल्या. मी पाठीच पायल्या. हे मले करू द्या." रीनानं उतरवलेला गाऊन मांडीवर घेऊन, खडूनं रेघही न आखता, तिनं पाठीच्या मधोमध जरीचा पहिला टाका घातला.