हरतालिकेचं वाहतं पाणी

रात्रभर पाऊस कोसळूनही सकाळी रस्ते खडखडीत कोरडे होते. महापालिकेने शहरभर पाणी पिणारे रस्ते केल्यापासून हे असंच व्हायचं. घरात पाणी शिरायचं थांबलं, म्हणून कुमुदिनीबाई रोज दिवा लावताना पालिकेचंही भलं चिंतत. आज मात्र त्या हरतालिकेची वाळूची पिंड ताम्हनात घेऊन अवघडून उभ्या होत्या. पिंड वाहत्या पाण्यात सोडल्याशिवाय त्या उपास सोडत नसत, आणि कालपासून घशाखाली थेंब गेला नव्हता. सोसायटीमागच्या नाल्याची तर आता बाग झाली होती.

त्या बागेत आल्या तेव्हा वॉर्डाची अभियंता समीना तिथे मातीची तपासणी करत होती.

"काकू, चेहरा किती उतरलाय. पालिकेच्या हौदात सोडा की."

"साठलेल्या पाण्यात मन लागत नाही गं."

समीनाने हातातलं यंत्र जमिनीजवळ धरलं. पडद्यावर एक निळी रेघ खालून नदीकडे निघालेली दिसली. "हे बघा, वाहतंय. तुमच्या पायांखालीच."

"नदीला कधी मिळेल?"

समीना जरा ओशाळली. "आज मुरलेलं ना? पुढच्या हरतालिकेपर्यंत."

कुमुदिनीबाई हसल्या. "शंकरासाठी पार्वतीने याहून कितीतरी जास्त वाट पाहिली, बाई."

त्यांनी खाली बसून पिंड अलगद ओल्या मातीत ठेवली आणि वर सोबत आणलेल्या तांब्यातलं पाणी सोडलं. वाळू हळूहळू मातीत उतरली. हात जोडून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चल गं, दहीभात खाऊ. आता मला सपाटून भूक लागलीय."