नाताळचे भोपळे

वाडीत ख्रिस्ती घर एकच, मार्थाबाईचं. शेजारणींकडून सणासणाला तिला ताट यायचं; पण नाताळ उजाडेपर्यंत सारी वाडी सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला गेलेली. उलट भेट द्यावी कुणाला? म्हणून एका दुष्काळी वर्षी, वाडी निघण्याआधीच भेट द्यायची असं ठरवून, तिनं चैत्रातच न्हाणीच्या मोरीशी भोपळ्याच्या बिया पेरल्या. पाणी कुठलं? घरोघर सांगितलं, "आपापली घागर घेऊन माझ्याकडं न्हायला या, पाठ मी चोळते!" बायांची रीघ लागली. वेल अशी फोफावली, की मारुतीच्या कळसालाही भोपळा लटकला. दसऱ्यानंतर बैलगाड्या जुंपताच मार्थाबाईनं गाडीगणिक पोखरून वाळवलेला भोपळा पाण्यानं भरून बांधला. "घ्या आमचा नाताळ! फडात पाणी गार राहील." शेजारच्या छबुबाईनं डोळे वटारले, "म्हंजी सहा महिने आमच्याच आंघोळीवर आमच्याच भेटी पिकवल्यास व्हय गं?" "मग! पाठी काय उगंच चोळल्या?" हशानं बैल उधळले, पण एकही भोपळा सांडला नाही.