दोराअलीकडची फुगडी

मॅसॅच्युसेट्समधला सुहासिनीच्या वस्तीमागचा तो इवलासा बीच म्हणजे खाडीच्या कुशीत ठेवलेली परातच जणू. लाट नाही, गाज नाही. लाल-पांढऱ्या तरंगत्या दोराच्या अलीकडे पाणी मुलांच्या कमरेच्या वर जात नसे. १९८३च्या जुलैतली भर दुपार होती, पाणी असं उथळ, म्हणून सुहासिनी काठावर निर्धास्त बसली होती.

लाइफगार्ड पोरगी दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजवी. मग पाण्यातल्या प्रत्येक मुलानं आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. जोडीदार नसेल त्यानं बाहेर यायचं.

तिची आठ वर्षांची वीणा तर एकटीच पाण्यात उतरली होती. तरी शिट्टी झाली, तिनं हात वर केला, आणि लाइफगार्डनं मोजून सांगितलं, "ऑल पेअर्स. गुड!"

"वीणा, तुझी पार्टनर कोण गं?" सुहासिनीनं हसत विचारलं.

"मम्मी, तिला फुगडी येत नाही. आय ॲम टीचिंग हर!"

वीणा गरगर फिरू लागली. भोंडल्याला आईनंच शिकवली होती तशी, पाय जुळवून, हात ताठ करून, अंग मागं झोकून.

समोर नुसतं पाणी होतं.

इतकं मागं झुकायचं तर समोरचीनं हात घट्ट धरावे लागतात, नाहीतर माणूस पाठीवर आपटतं. वीणा आपटत नव्हती. फिरत फिरत ती दोराकडे सरकत होती.

सुहासिनी साडीसकट पाण्यात धावली. "वीणा, हात सोड तिचे! आधी सोड!"

"सोडलेत गं मम्मी," वीणा रडवेली होऊन ओरडली, "केव्हाच सोडलेत!"