धीरावर चार शब्द

नफीसा परकार रोज सकाळी सातला गावच्या छोट्या रेडिओ केंद्रावरून बोलायची. एखादं नवं सिनेमातलं गाणं, रानातल्या पाखरांचे आवाज आणि शेवटी कुराणातल्या एखाद्या आयतीवर चार शब्द. नवरा गेल्यापासून दिवसभरात तिचं बोलणं तेवढंच.

त्या दिवशी सब्रवर, म्हणजे धीरावर बोलताना तिनं मधेच माइक बंद केला. उरलेला वेळ तिनं धनेश पक्ष्याचा आवाज लावून काढला.

ती निघणार एवढ्यात केंद्रातला फोन वाजला. "मी कुंदा लिमये, खालच्या आळीतली. एकटीच असते. आज धीराचं अर्धंच सांगितलंत."

"पुढचं मला जमलं नाही, ताई."

"माझंही तिथंच अडतं," कुंदाताई म्हणाल्या. "सावकाश बोला. मला घाई नाही."

नफीसानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढली.