तुझं बरं हाय, बाई

अंगणात इंदू नवऱ्यापुढे आरसा धरून उभी होती. निवृत्ती रजेवर आल्यापासून त्याची दाढी रोज अशीच व्हायची, आणि चुलीपाशी भाकऱ्या थापणारी तिची थोरली जाऊ हौसा रोज तोच टोमणा मारायची, "तुझं बरं हाय, बाई!" तिचाही नवरा फौजेतच, पण तो जूनपासून पठाणकोटच्या विमानतळावर तोफेपाशी. त्याला दिवाळीलाही रजा मिळाली नव्हती.

तेवढ्यात रेडिओवर बातम्या लागल्या. काल संध्याकाळी शत्रूच्या विमानांनी अचानक हल्ला केला होता, युद्ध पेटलं होतं. विमानतळांच्या नावांत पठाणकोट होतं.

निवृत्तीचा वस्तरा गालावरच थांबला. "वैनी, भाकरी बांधा," तो हौसाकडं न बघता म्हणाला. "बोलावण्याच्या तारेची वाट बघत न्हाई मी."

इंदूनं आरसा खाली घेतला. आता झालो सारख्या, असं हौसाच्या मनात येऊन गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

तासाभरात ट्रंक भरली. इंदूनं त्याला ओवाळलं आणि एसटी वळणाआड जाईपर्यंत ती वेशीत उभी राहिली. हौसाला जून आठवला. नवऱ्यानं रजा वाढवून घेतली नाही म्हणून ती रुसली होती. तो निघाला तेव्हा उंबऱ्यापर्यंतही आली नव्हती.

इंदू रडत परतली. उंबऱ्यावर ओवाळणीचं निरांजन अजून तेवत होतं.

"तुझं बरं हाय, बाई," हौसा म्हणाली आणि त्या निरांजनापाशीच मटकन खाली बसली.